साडूंचे चाकू आणि ढवळ्या बोकड

एका जंगलात ढवळ्या नावाचा बोकड, त्याची बायको कबरी आणि त्यांची दोन करडं राहत होती. ओढ्यापलीकडे भगवंत लांडगा आणि त्याचा साडू दाजिबा तरस राहायचे. लांडगा आणि तरस साडू कसे, असं मधेच विचारायचं नाही. सोयरिकी होतात जंगलात.

दोघांना दात होते, चांगले दणकट. पण दातांनी खाणं त्यांना आता गावंढळ वाटायचं. म्हणून त्यांनी परमुलखातून घडीचे भारी चाकू मागवले होते.

एके दिवशी त्यांनी ढवळ्याला धरलं आणि हिरव्या वेलीनं झाडाला बांधलं. कबरी करडांना घेऊन धावत आली आणि झुडपाआड थांबली.

लांडग्यानं चाकू उघडला. खट्ट!

"ऐकलात आवाज, साडूभाऊ? पात्याला भोक आहे. अंगठा घातला की एका पंजात उघडतं."

तरस हसला. "आमच्या पात्याला भोक पाडावं लागत नाही. मागचा खटका दाबायचा की झालं. आणि मूठ शिसवी, बघा."

"लाकूड भिजलं की फुगतं. माझी मूठ शिंगाची."

"कुणाचं शिंग?" ढवळ्यानं घाबरत विचारलं.

"तू मधे बोलू नकोस!" दोघं एकदम ओरडले.

एवढ्यात कबरी पुढं झाली. "भाऊजी, हे मधेच मिटून बोट नाही का कापत?"

"वा वहिनी, नेमकं विचारलंत!" लांडगा खुलला. "माझ्यात आतली पट्टी सरकून पात्याला अडसर घालते."

"डावखुऱ्याला नाही जमायची ती पट्टी," तरस म्हणाला.

"इथं डावखुरं कोण आहे?"

"कुणी नाही. पण असलं तर?"

दोन्ही चाकूंना खिशाला अडकवायचा चाप होता. खिसा दोघांनाही नव्हता. तरी टोक वर ठेवून अडकवावं की खाली, यात ऊन डोक्यावर आलं.

"आता कापून बघूच," तरस म्हणाला. "तुमच्यानं कापा."

"माझ्या पात्याला डाग पडेल! तुमच्यानं कापा."

"आणि शिसवीत चरबी मुरली म्हणजे?"

ढवळ्याचं लक्ष वेलीकडे गेलं. कोवळी होती. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. तो खाऊ लागला. करडंही आली आणि दुसऱ्या टोकानं सुरू झाली.

"कुठं निघालास?" लांडग्यानं मान वर न करता विचारलं.

"घरी."

"जा. पण आधी सांग, कुणाचा चांगला?"

ढवळ्यानं दोन्ही चाकू नीट पाहिले. "उघडताना तुमचा. मिटताना त्यांचा."

मग काय विचारता! दोघं एकमेकांच्या अंगावरच धावले, पण चाकू आधी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले.

पुढं सगळ्याच लांडग्यांनी आणि तरसांनी तसले चाकू घेतले आणि कुणाचा चांगला यावरच ते भांडत राहिले. ढवळ्याच्या करडांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि ओढ्यापलीकडचं गुडघाभर गवत त्या घराला आयतं मिळालं.

तात्पर्य: आपल्याला खायला आलेल्याच्या हातात साधी सुरी दिसली तर पळत सुटावं. उंची चाकू दिसला तर जवळ जाऊन त्याची मूठ कसली आहे ते विचारावं.