पायी बर्लिन: साडेतीन तास, शून्य मीटर

सुनेत्राआत्यांनी बर्लिनचं ब्रांडेनबुर्ग गेट डोळे भरून पाहिलं. हे घडलेलं नाही. वाचकांनी पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे जावं.

ऐतिहासिक राजधानी पायीच पाहावी, यावर जाणकारांचं एकमत आहे. पायी पाहण्यात चालण्याचा वाटा किती, यावर मात्र पुरेसं संशोधन झालेलं नव्हतं. ती उणीव ब्राउनश्वाइगच्या आमच्या मराठी मंडळाच्या पर्यावरणस्नेही सहल उपसमितीने भरून काढली. (कार्यवाह मी. सदस्यही मीच. एरवी मी इथे पीएचडी करतो, म्हणजे वेळ असतो.)

नियम कडक होते. जलद गाडी नाही, साध्या गाडीने तीन तास. प्लास्टिक नाही, म्हणून दशम्या स्टीलच्या डब्यांत, आणि डबे उचलायला मंडळातला कपिल. बर्लिनमध्ये बस, ट्राम, टॅक्सी वर्ज्य. आत्या पुण्याहून विमानाने आल्या होत्या खऱ्या, पण ते विमान तसंही येणारच होतं, सबब तो धूर वैमानिकाच्या नावे टाकण्यात आला.

आत्या कपिलच्या. वाईच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि दरवर्षी जर्मनीच्या फाळणीच्या धड्याला फळ्यावर खडूने हेच गेट काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं परतीचं विमान होतं. पुन्हा येण्याचा प्रस्ताव गुडघ्यांनी आधीच फेटाळला होता. म्हणजे गेट पाहायचं तर आजच.

गेट तीनशे मीटरवर असताना पादचाऱ्यांचा दिवा लाल झाला. (शनिवार, वेळ १०:४०.) आणि लालच राहिला.

रस्ता रिकामा होता. पण आमच्यात कपिलची सहा वर्षांची तनया होती. लहान मुलादेखत लाल दिवा ओलांडणं हे पाप जर्मनीत घटस्फोटानंतरही कोणी करत नाही. तनयाला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. आत्यांनी पाऊल उचललं तशी ती म्हणाली, "एस इस्ट रोट." लाल आहे. आत्यांनी पाऊल ठेवून दिलं.

त्यात कपिलचा नागरिकत्वाचा अर्ज सोळा महिने कचेरीत पडून. नातेवाइकाने लाल दिवा ओलांडला तर अर्ज फेटाळावा, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. लिहिलेला नाही म्हणूनच कपिल त्याला जास्त घाबरतो.

कपिलच्या बायकोने, मैथिलीने, पुढच्या सिग्नलवरून जायचं सुचवलं. सूचना चांगली होती. पण मार्ग उपसमितीने मंजूर केलेला, आणि बदलासाठी दोन आठवडे आधी आन्त्राग, म्हणजे रीतसर अर्ज, लागतो. तो मी मला दिलेला नव्हता.

पहिल्या तासात आमच्यामागे एकोणीस जर्मन जमले, दुसऱ्या तासात एकूण एक्केचाळीस. (शिवाय कुत्रा एक. तोही बसून होता.) वाहनं आली एकूण एक: दिवा दुरुस्त करणाऱ्याची गाडी. तिने सगळ्यांना धीर आला. मात्र दिव्याची पेटी रस्त्यापलीकडे होती आणि गाडी अलीकडे लागली. दुरुस्तीवाल्याने दिव्याकडे पाहिलं, तनयाकडे पाहिलं, आणि तो रांगेत उभा राहिला. मैथिलीने त्याला दशमी दिली.

साडेबाराला आत्यांनी पर्स खांद्याला अडकवली.

"आत्या, लाल आहे हो. माझी फाइल आहे आत," कपिल म्हणाला.

"फाइल तुझी आहे. पाय माझे आहेत."

मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मैथिलीने तनयाची टोपी नाकापर्यंत ओढली. एक्केचाळीस जर्मनांनी शिस्तीत पाठ फिरवली. कुत्र्याचं तोंड मालकाने हाताने फिरवलं. साक्षीदार शून्य.

पाऊण तासाने आत्या तशाच परत आल्या. दिवा लालच होता. पाठी फिरलेल्याच होत्या. कपिलने हळूच विचारलं, दिसलं का.

"समोर सहा खांब आहेत ना, त्यांच्यामागे आणखी सहा आहेत रे," आत्या म्हणाल्या. "मी सहाच काढायचे. एकतीस वर्षं पोरांना अर्धंच गेट दिलं मी."

मग त्या डब्यावर बसल्या. (खांबांचं वाक्य इतिवृत्तात घेता आलेलं नाही, कारण त्या कुठे गेल्याच नव्हत्या.) दोन वाजून दहा मिनिटांनी, परतीच्या गाडीसाठी, आम्ही सगळे आल्या वाटेने मागे फिरलो.

सबब वाहतूक खात्यास नम्र विनंती, की सदर शनिवारी साडेबारा ते सव्वा या वेळेत दिवा एका व्यक्तीपुरता हिरवा होता, असं पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर करावं आणि तसा दाखला कपिलच्या फाइलीला जोडावा. हे वाचताना जे वाचक आत्यांबरोबर मनातल्या मनात पलीकडे गेले, त्यांची यादी सोबत पाठवत आहोत. त्यांनी मुलादेखत, कोणीही न अडवता, इकडेतिकडे न पाहता रस्ता ओलांडला आहे. यादीतून नाव कमी करून हवं असल्यास त्यांनी उलट पावली अलीकडे येऊन दिवा हिरवा होईपर्यंत उभं राहावं, आणि खात्याने तो त्यांच्यासाठी तरी वेळेत हिरवा करावा.