चीजचा शेवटचा ठोकळा

फिंटन टुही आला होता जुना कोट दान करायला आणि उभा राहिला फुकटच्या चीजच्या रांगेत. किलद्रीना गावच्या चर्चच्या हॉलमध्ये त्या दिवशी दोन रांगा होत्या, एक देणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. घोळ लक्षात आला तेव्हा तो थेट टेबलापाशी पोचला होता.

"फिंटन, लाजू नकोस हं," टेबलामागची ऑलिव्ह हळूच म्हणाली. "अरे, वेळ कुणावरही येते." त्याच्या हातातला कोटही तिने मायेने त्याच्याच खांद्यावर घातला. "आणि हा घालून जा. बाहेर थंडी केवढी आहे!"

फिंटनची बँक बुडाली हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बँक बुडाली म्हणजे तिचा डायरेक्टरही बुडाला, अशी त्या भाबड्या माणसांची समजूत. प्रत्यक्षात डब्लिनच्या सरकारने लोकांच्या करातून बँकेला वर काढलं, तेव्हा तिचं शेपूट धरून फिंटनही सुखरूप वर आला होता, पेन्शन, बोनस आणि दोन्ही मोटारींसकट. पण हे भर रांगेत कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने मान खाली घालून ठोकळा घेतला.

"संपलं बरं का!" ऑलिव्हने रिकामं खोकं उलटं करून दाखवलं.

फिंटनच्या मागेच मिसेस ड्वायर उभ्या होत्या. नवऱ्यामागे उरलेली सगळी पुंजी त्यांनी फिंटनच्याच शब्दाखातर त्याच्या बँकेच्या शेअरमध्ये घातली होती, आणि सरकारने बँक वाचवली तरी ते शेअर मातीमोल झाले होते. आता आठवडाभर पावाबरोबर खायला त्यांना हेच चीज होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं फिंटनला झालं.

"मिसेस ड्वायर, हे तुम्ही घ्या."

"छे रे! असू दे तुला."

"नाही, खरंच घ्या."

"नको म्हटलं ना! माझं निदान म्हातारपणाचं पेन्शन तरी येतं. तुझं तर सगळंच गेलं, बाळा."

त्या गावात दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे पोराटोरांनाही कळतं. मिसेस ड्वायरांचा हात खिशातून बाहेर आलासुद्धा होता. पण आता पुन्हा आग्रह करायचा तर 'माझं काहीच गेलेलं नाही' हे सांगणं आलं. वाक्य ओठांपर्यंत आलं. रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." तो पुटपुटला आणि ठोकळा छातीशी धरून जवळजवळ पळालाच. मिसेस ड्वायरांचा हात पुन्हा खिशात गेला.

शरमेने त्याचे कान तापले होते, तरी दारातून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"कुणी काही बोलू नका रे त्याला! तिसऱ्यांदा विचारायचंही भान राहिलं नाही पोराला. किती दिवसांचा उपाशी असेल!"