डबी राहणार की जाणार

त्या घरात काय राहणार आणि काय जाणार, हे थोरली ठरवायची. जुना सोफा तिच्या हुकमाने गेला. मुलाची मिशी तिच्या हुकमाने गेली. निवृत्त नवऱ्याची आरामखुर्ची राहिली तीही तिच्याच कृपेने. त्यामुळे मुलाने आणि सुनेने टीव्हीच्या पाठीत खुपसायची एक काळी डबी आणली, तेव्हा तिलाही थोरलीसमोर उभं राहावं लागलं.

"आई, जगातलं सगळं यात दिसतं. आणि नाही आवडली तर आठवड्यात परत करता येते," मुलगा म्हणाला.

"आठवडा कशाला? माणूस ओळखायला मला तो उंबरा ओलांडेपर्यंतचा वेळ पुरतो. ही तर डबी." पण सुनेचा चेहरा पाहून तिने मोठेपणा केला. "बरं, रविवारी सांगते."

सून दिवसभर बँकेत लोकांशी डोकं लावून यायची. जेवणं झाल्यावर तासभर आपल्या आवडीचं काही बघता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून तो आठवडा ती सासूच्या मागेपुढे होती.

गुण होते, थोरली नाही म्हणत नव्हती. मालिका हवी तिथे थांबवता यायची. दूध उतू जायला लागलं की नायिकेला तोंड उघडं ठेवून उभं करायचं आणि स्वयंपाकघरात जायचं. परत येईतो ती तशीच. "या घरात इतकं ऐकणारं हे पहिलंच आलंय," थोरली म्हणाली.

पण खोडी काय कमी होत्या? रिमोट बोटाएवढा, दिवसातून चारदा सोफ्याच्या पोटात जायचा. ऐन रंगात आलं की पडद्यावर गोल चकरी फिरायची, जणू डबीला घेरी आली. आणि वरून आगाऊपणा किती, तर मध्येच विचारायची, अजून पाहताय का?

"माझ्या घरात बसून मलाच विचारते, आहेस का म्हणून," थोरली संतापली.

ती तेव्हा घोरत होती, हे सांगायची नवऱ्याची छाती झाली नाही.

मग डबीच्या अंगात आलं. मालिकेतली खाष्ट आत्या पकडली जाणार, तेवढ्यात आत्या गडप, आणि चटईवर आडवी पडलेली एक सडपातळ बाई म्हणाली, "पोटाचा घेर वाढलाय? लाजू नका."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी कशालाही हात लावलेला नाही," नवरा दोन्ही हात वर करून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डबीने गुडघेदुखीवर तेल सांगितलं. तिसऱ्या दिवशी घोरण्यावर उपाय. डबी आपल्याला निरखून बघते आणि मग बोलते, अशी थोरलीची खात्रीच पटली. टीव्हीसमोर बसताना ती पदर पोटावरून घट्ट ओढून घ्यायला लागली.

रविवारी दुपारी सगळे निकालाला जमले. थोरलीने घसा साफ केला, आणि पडद्यावर चष्मेवाला एक गृहस्थ उगवला. "तुमच्या घरात सगळ्यांवर हुकूम चालवणारी एखादी बाई आहे का?" त्याने गोड आवाजात विचारलं. "तिला कसं आवरायचं, ते आज पाहू."

मुलाने झडप घालून त्याला थांबवलं. गृहस्थ बोट वर करून उभा राहिला.

"अच्छा," थोरली सुनेकडे वळली. "म्हणजे डबी यासाठी हवी होती. मला आवरायला."

"आई, शपथ घेते, मी नाही लावलं. फोनवरून टीव्हीवर लावता येतं खरं, पण माझा फोन आत चार्जिंगला आहे."

"मग काय मी लावलं? मलाच आवरायला?"

सुनेचे डोळे भरले. "डबी आजच परत करा," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. "मला नको ती. आणि यापुढे या घरात मी काही मागणारही नाही."

मुलगा डबी उपटायला उठला, तोच खालच्या मजल्यावरची धाकटी जाऊ फोन नाचवत दारात आली.

"ताई, तुमचं वायफाय बाई धड नाही. काही बघायला घेतलं, चित्र मोठं करायला कोपऱ्यातला तो चौकोन दाबला, की सगळं गायबच. चार दिवस हेच चाललंय."

मुलाने काकूचा फोन बघितला, मग टीव्ही बघितला. "काकू, त्या चौकोनाने चित्र मोठं होत नाही. ते आमच्या टीव्हीवर येतं."

धाकटीने मान वळवली. बोट वर केलेला गृहस्थ तिच्याकडेच बघत होता.

"हे होय? हे माझ्या माहेरच्या आत्यासाठी," ती घाईघाईने म्हणाली.

"तुझी आत्या तर कधीच वारली," थोरली म्हणाली.

"पण काकूंना आपल्या वायफायचा पासवर्ड दिला कुणी?" मुलाने विचारलं. "तो घराबाहेर जाता कामा नये, असं आईने बजावलं होतं ना?"

"ताईंनीच तर दिला. मी मागितला, तर किती खूश झाल्या."

धाकटी आली तशी जिना उतरली.

"मग डबी परत करू की पासवर्ड बदलू?" मुलाने हळूच विचारलं.

"दोन्ही राहू दे. चालू कर. तो मेला माझ्याबद्दल पुढे काय सांगतोय, ऐकू दे."

गृहस्थाने वर केलेलं बोट हलवलं. "अशी माणसं स्वतःची चूक कधीही कबूल करत नाहीत."

"खोटारडा आहे," थोरली म्हणाली. सून टीव्हीकडेच बघत होती. थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली. "चहा टाकतेय. घेशील ना गं?"

सुनेने डोळे पुसले. "घेईन."

आतून भांड्याचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा.

"तुला साखर किती लागते?" थोरलीने आतून विचारलं. सात वर्षं एका घरात राहून तिला ते माहीत नव्हतं.