चार जणांचा खेळ

शहागंजात जब्बारचाचांचं खेळण्यांचं दुकान होतं, आणि भर दुपारी त्यात चार माणसं भांडत असत. रस्त्यावरून ऐकलं तर चारच वाटायची. एक खेकसायचा, एक रडवेला व्हायचा, एक नुसत्या कवड्या खुळखुळवायचा आणि चौथा हळूच म्हणायचा, "लबाडी नक्को, मियां." आत डोकावलं तर पटापाशी एकटे चाचा. एका बाजूला बसून डाव टाकायचे, गुडघ्यावर हात देऊन उठायचे, दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे, आणि तिथं टेकल्याबरोबर त्यांचा चेहराच बदलायचा. नवा खेळ आला की आठ दिवस तो असा चारी बाजूंनी खेळल्याशिवाय ते खुंटीला लावत नसत.

मी वस्तानिया, म्हणजे मधल्या वर्गांच्या, शाळेत मराठी शिकवायचो आणि दुकानामागच्या गल्लीत राहायचो. येताजाता हे भांडण ऐकायची सवय झाली होती. तरी एखाद्या दिवशी अंगावर काटा यायचा, कारण त्यातले दोन आवाज एकाच वेळी आल्यासारखे वाटायचे.

"चाचा, एकाच जागेवरून खेळलात तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, जो हारता, उसकी जगा पे बैठके देखना पडता. पोर कुठं बसंल, काय सांगावं?"

चाचा खेळ विकत नसत, नेमून देत. मोठं माणूस एकटं आलं तर "पहले बच्चा लाव" म्हणून पोराला आणायला परत पाठवत. पोर आलं की उकिडवे बसून त्याच्या उंचीला यायचे आणि बराच वेळ नुसते बघायचे. एका बड्या अंमलदाराला मुलासाठी बुद्धिबळ हवं होतं. चाचा म्हणाले, "साहेब, याला राजा मारायची लई घाई आहे. याला भोवरा द्या. वर्षानं या." अंमलदार तणतणत गेले आणि वर्षानं खरंच आले.

त्यांची कसोटी सोपी होती. "दोनदा हरून पोर तिसऱ्यांदा बसलं, तर खेळ चांगला. मोठ्यांना मुद्दाम हरावं लागलं, तर खेळ वाईट. पोरांना कळतं, मास्तर. तोंडावर हसतात, पण कळतं."

माझी बायको श्रावणात तापानं गेली. आमची इंदू तेव्हा सहा वर्षांची होती. तेराव्यानंतर तिनं बोलणं सोडलं, मग जेवणही दोन घासांवर आलं. गंगापूरहून माझी थोरली बहीण, अक्का, घर सांभाळायला आली होती. ती रोज म्हणायची, "लेकरू हितं सुकून जाईल. हिची आय अजून ह्या घरातून हालली नाय. मी नेते हिला गंगापूरला."

संध्याकाळी पुस्तक उघडून मी एकच पान धरून बसायचो. इंदू गेली तर त्या घरात मी आणि ते पान एवढंच उरणार होतं. म्हणून मी तिच्यासाठी खेळ घ्यायला गेलो.

"पोरगी लाव," चाचा म्हणाले.

नेली. चाचा उकिडवे बसले. इंदूनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी इंदूकडे.

"किती जणं खेळणार, बेटा?"

इंदूनं चार बोटं वर केली.

घरात आम्ही तिघं होतो. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, पण चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चार. ठीक," म्हणाले, आणि वाघबकरी, बुद्धिबळ, असे दोघांचे सगळे खेळ उचलून बाजूला ठेवले. गिऱ्हाइकानं रंग नापसंत करावा तितक्या सहज.

पहिल्यांदा त्यांनी सापशिडी दिली. "हिच्यात डोकं लागत नाय. मास्तरांना पण जमंल."

घरी इंदूनं पट पसरला आणि चार पाट मांडले. चौथा पाट स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं तिची आई बसायची. त्याच्यासमोर सोंगटी म्हणून हिरव्या बांगडीचा तुकडा ठेवला. चौथा डाव आला की इंदू जरा थांबायची, फ्रॉकला हात पुसायची, मग टाकायची. मी ते पुसणं पाहिलं आणि ओळखलं. कुठल्याही कामावरून उठून आली की तिची आई अशीच पदराला हाताची आधी एक, मग दुसरी बाजू पुसायची. इंदू ते शिकली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आईची सोंगटी शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि मोठ्या सापाच्या तोंडात सापडली. पुन्हा चढली, पुन्हा तोच साप. तिसऱ्यांदा इंदू किंचाळली. अक्कानं पट गुंडाळला.

"लई झालं! मेलेल्या माणसाला खेळायला बसवतं का कुणी?"

मी पट परत नेला. चाचांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर चापट मारली. "गलती मेरी. त्या जागेवर बसून मी बघितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून ते बगलेत गाठोडं मारून स्वतःच आमच्या घरी आले. आत पचिशीचा पट होता, चार पट्ट्यांचा, कापडी, आणि सहा कवड्या. ओसरीवर पट पसरला. इंदूनं पाट मांडले. चाचांनी चौथ्या पाटाकडे वळून कपाळाला हात लावला. "आदाब, भाभी. मी मास्तरांच्या जागी बसतो. मास्तरांना खेळता येत नाय, तुम्हाला माहीतच आहे."

अक्का दारातून निघून जायला वळली. चाचा म्हणाले, "अक्का, पिवळ्या सोंगट्या रिकाम्या आहेत."

"मी नाय बसायची असल्या खेळाला."

"मग भाभी दोन्ही रंग खेळतील. बरंच आहे. त्या लवकर जिंकतील."

अक्का बसली. रागानं बसली, पण बसली.

त्या दुपारी आईचे लागोपाठ तीन वेळा पंचवीस पडले. "रहम करो, भाभी!" चाचा ओरडले. अक्काला हसू फुटलं. मग आपण कशाला हसलो हे ध्यानात येऊन तिनं तोंडावर पदर घेतला. आणि इंदू म्हणाली, "आई अशीच करते." सव्वा महिन्यानंतरचे तिचे पहिले शब्द.

तोच डाव रोज थोडा थोडा पुढे सरकू लागला. चाचा दुपारचं दुकान बंद ठेवून यायचे. इंदू बोलू लागली, भाकरी मागून घेऊ लागली. मी शाळेतून लवकर निघून चाचांच्या जोडीला बसू लागलो, एक डाव त्यांचा, एक माझा. खरं सांगायचं तर मीही माझा डाव टाकण्याआधी चौथ्या पाटाकडे बघू लागलो होतो. एकदा सगळे उठल्यावर मी त्या पाटावर हात ठेवला. तो कोमट होता. तिथं ऊन येत नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही, अक्काला तर नाहीच. पण अक्काही तो पाट ओलांडून जायची नाही, वळसा घालून जायची.

मग आईच्या शेवटच्या सोंगटीला, त्याच बांगडीच्या तुकड्याला, मधल्या घरात जायला दोनच घरं उरली, आणि इंदूनं आईचा डाव टाकायचं बंद केलं.

"आज आईला कंटाळा आलाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती पटापाशी बसून राहिली, जेवायला उठेना. कुणी जवळ गेलं तर दोन्ही हात पसरून पट झाकायची. घरात जायला नेमकं हवं तेवढंच दान पडावं लागतं आणि घरात गेलेली सोंगटी परत येत नाही, हे नियम तिला चाचांनीच शिकवले होते. आम्हा सगळ्यांना समजलं होतं ती काय अडवून धरते आहे. तिला ते सांगायचं कसं, हे कुणालाच समजत नव्हतं.

"बास आता," अक्का म्हणाली. "गुरुवारी दीर छकडा घेऊन येतोय. पोरीला त्यात घालते."

मी चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "पोरीला घेऊन या. दुकानात नक्को. घरी."

त्यांच्या घरात गल्लीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. चाचा दारातच बोलून लोकांना वाटेला लावत. भर दुपार असून आत अंधारलेलं होतं. खोलीत खाट नाही, पेटी नाही. मधोमध फक्त एक पचिशीचा पट अंथरलेला, मातकट, वर सोळा सोंगट्या, आणि भोवतीच्या फरशीवर भिंतीलगत चालून चालून पडलेली वाट. एक काळी सोंगटी मधल्या घराच्या दोन घरं अलीकडे उभी होती. इंदूनं माझं बोट घट्ट धरलं.

"माझ्या बीवीची," चाचा इंदूला म्हणाले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "मी चौदा वर्षांचा, ती अकराची. निकाह झाला, आता करायचं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. मग खेळायचो. ती लई बदमाश. रोज जिंकायची. एका दुपारी प्लेग आला म्हणून सगळा मोहल्ला गावाबाहेर झोपड्यांत निघाला. ती जाता जाता म्हणाली, हाथ नक्को लगाना, आल्यावर दोन पाडते."

"मग?" इंदूनं विचारलं.

"आली नाही. मी हात लावला नाही."

इंदू त्या सोंगटीकडे बघत राहिली. "ती तिथंच उभीये?"

"हौ."

"एवढे दिवस?"

चाचा उकिडवे बसून तिच्या उंचीला आले. "मी म्हणायचो, मी वाट बघतोय. बसून बघत होतो, बेटा. उभी ती होती."

इंदूनं माझं बोट सोडलं. पटापाशी बसली, कवड्या उचलल्या, फ्रॉकला पुसल्या. मी तिला आवरणार होतो, चाचांनी हातानं थांबवलं. तीन पडले. मग चार. मग पंचवीस.

"जाऊ दे," चाचा म्हणाले. "नाय पडायचे."

"जाऊ दे कसं? पाय दुखत असतील तिचे."

आम्ही दोघं मोठी माणसं श्वास धरून त्या कवड्या मोजत होतो. सहा, चार, पुन्हा चार. प्रत्येक वेळी कवड्या थांबल्यावर कुठंतरी अगदी हलका उसासा ऐकू यायचा. तो चाचांचा असेल असं मी धरून चाललो. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा चार कवड्या पालथ्या आणि दोन उताण्या पडल्या, म्हणजे दोन.

"तुम्ही ठेवा," इंदू म्हणाली.

चाचांनी सोंगटी उचलून घरात ठेवली आणि ती जिथं उभी होती त्या जागेवर झटकन तळवा ठेवला. इंदू तोपर्यंत दारात चपला घालत होती. "बाबा, चला. आईचं राहिलंय."

घरी तिनं आईचा डाव टाकला. पाचव्या खेपेला दोन पडले. तिनं बांगडीचा तुकडा घरात ठेवला, पट स्वतः गुंडाळला, चौथा पाट भिंतीला उभा केला आणि मग अक्काच्या मांडीवर पडून प्रथमच मोठ्यानं रडली. अक्का तिला थोपटत म्हणाली, "रड गं माझी बाय, रड." गुरुवारी छकडा आला आणि रिकामा परत गेला.

ते सांगायला मी चाचांकडे गेलो. दार उघडं होतं. ते रोज एक सोंगटी उचलत होते. एकदम सगळ्या उचलणं जमणार नाही, म्हणाले. त्या दिवशीची उचलून त्यांनी मला जवळ बोलावलं. मातकट कापडावर रुपयाएवढा गोल होता, धूळ न लागलेला, उजेड न लागलेला, ओल्या कुंकवासारखा लालभडक.

"हा पट तिच्या निकाहच्या ओढणीतून उरलेल्या कपड्याचा," चाचा म्हणाले. त्यांनी एका बोटानं तो गोल हळूच चाचपला. "रंग विसरलो होतो मी, मास्तर."