दप्तरींची सडाफटिंग क्रियापदं

दप्तरी तिसऱ्यांदा इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला बसणार होते, आणि या वेळी नापास झाले तर हेडक्लार्कची खुर्ची कायमची हातची जाणार होती. नियमच तसा होता. संधी तीन, बोलायचं पंधरा मिनिटं आणि तेही फक्त इंग्रजीत. पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं जुन्या फायली सांभाळून त्यांच्या अंगालासुद्धा फायलींचा वास येऊ लागला होता. आता निदान शेवटची चार वर्षं तरी माणसांत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मागच्या परीक्षेला मुख्य कार्यालयाच्या बाईंनी विचारलं होतं, जुन्या फायलींचं तुम्ही काय करता? दप्तरी ठासून म्हणाले, "पुट!" पुढचं ऐकायला बाई थांबल्या. बाई थांबल्या म्हणून दप्तरीही थांबले. चार मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मग बाईंनी वही मिटली.

"चारशे क्रियापदं पाठ होती गं मला," ते सुनेला म्हणाले. सून शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवायची, आणि सासरे आहेत म्हणून सूट द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

"तिथेच तर घोडं अडलंय, बाबा. तुमची क्रियापदं सगळी सडाफटिंग! नुसता 'पुट' बिचारा काय करणार? काय ठेवलं? कुठे ठेवलं? पुट देम ऑन द शेल्फ. आधी क्रियापदाला जोडीदार द्या, मग राहायला जागा द्या. संसार मांडून द्या त्याचा."

"चारशे जणांचा?"

"चाळिसांपासून सुरुवात करा. चिठ्ठीवर वाक्य लिहायचं, वस्तूवर चिकटवायचं, समोर उभं राहून मोठ्यांदा म्हणायचं. आणि वाक्य जितकं विचित्र, तितकं डोक्यात पक्कं बसतं."

दप्तरींनी घरापासून सुरुवात केली. पण बायकोच्या शिवणयंत्रावरची 'थ्रो इट आउट ऑफ द विंडो' ही चिठ्ठी तिने सुनेकडून वाचून घेतली आणि शांतपणे सांगितलं, "माझं मशीन खिडकीबाहेर जायच्या आधी कोण जाईल, ते मला चांगलं ठाऊक आहे." दुपारपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. मग उरलं कार्यालय.

आता त्या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. जुने साहेब तोंडी हुकूम कधीच देत नसत. पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत एक ओळ लिहायची, ज्या वस्तूचं काम असेल तिच्यावर ती चिकटवायची आणि निघून जायचं. खाली सही नाही, कारण सही केली की जबाबदारी गळ्यात पडते. चिठ्ठी दिसली की काम करायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. महिन्यापूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. ते अजून कुणाशी धड बोललेही नव्हते. उरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रद्दी म्हणून दप्तरखान्यात येऊन पडले. साहेबांबरोबर चिठ्ठ्याही निवृत्त झाल्या असं दप्तरींनी गृहीत धरलं, आणि तिथेच ते फसले.

परीक्षा कार्यालयातच अकराला होती. त्या दिवशी दप्तरी सकाळी आठलाच हजर झाले आणि भिंतींवर, सामानावर भराभर चाळीस पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. घड्याळावर 'टेक इट ऑफ द वॉल'. कपाटावर 'पुट देम ऑन द फ्लोअर'. हेडक्लार्कच्या रिकाम्या टेबलावर 'टर्न इट अपसाइड डाउन'. 'हिम'साठी कुणी सापडेना, म्हणून साहेबांच्या दारावर 'लॉक हिम इन द रूम'. 'हर'ची तर आणखीच पंचाईत. शेवटी पाहुण्यांच्या बाकावर 'टेक हर टू द रूफ' चिकटवून ते मोकळे झाले. प्रत्येकीपुढे उभं राहून तीनतीनदा म्हणून झालं. दहाच्या आत सगळ्या काढून टाकू, तोवर एक उजळणी करू, म्हणून ते दप्तरखान्याचं दार लावून, कानांत बोटं घालून बसले. क्रियापदांचे संसार असे काही रंगले की बाहेर आले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. म्हणजे त्यांच्या हातातल्या घड्याळात वाजले होते. भिंतीवरचं घड्याळ जागेवर नव्हतं.

कपाटातल्या सगळ्या फायली जमिनीवर होत्या. हेडक्लार्कचं टेबल चारी पाय वर करून पडलं होतं. टायपिस्टबाई पदर खोचून, घामाघूम होऊन उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?" दप्तरी ओरडले.

"नवे साहेब शेवटी कामाला लागले बाई एकदाचे! चाळीस हुकूम एका दिवसात! जुन्यांनी सालाला एवढे काढले नसतील."

"अहो, त्या माझ्या चिठ्ठ्या आहेत! मी लिहिल्यात!"

टायपिस्टबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "दप्तरीभाऊ, तुम्हाला कुठे इंग्रजी येतं? दोनदा नापास झालात ना? परीक्षेचं टेन्शन आलंय तुम्हाला. पाणी प्या जरा."

तेवढ्यात साहेबांच्या दारावर आतून धाडधाड आवाज झाला. बाहेर पहारेकरी किल्ली मुठीत घट्ट धरून सावधान उभा होता.

"अरे, दार उघड!" आतून साहेब.

"कसं उघडू साहेब? वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे कुणाचा? इथे सगळ्यात वर मीच आहे!"

"तेच सांगतोय साहेब. तुमचाच आहे."

"मग मीच म्हणतोय, उघड!"

"तोंडी कसं चालेल साहेब? चिठ्ठी द्या."

"माझ्याकडे चिठ्ठी नाही रे!"

"मग माझाही नाइलाज आहे," पहारेकरी म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

दप्तरींनी पुढे होऊन दारावरची चिठ्ठी टराटरा फाडली. पहारेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हुकूम फाडला तुम्ही!" पण लगेच त्याला हायसंही वाटलं, कारण आता हुकूमच उरला नव्हता. तो कुलपात किल्ली घालू लागला आणि दप्तरींना दुसऱ्या चिठ्ठीची आठवण झाली. ते टायपिस्टबाईंकडे वळले.

"बाकावर कुणी बसलं होतं का?"

"हो. मुख्य कार्यालयातून बाई आल्या होत्या ना, दहा मिनिटांपूर्वी," टायपिस्टबाई म्हणाल्या. "दोघं कारकून घेऊन गेले त्यांना गच्चीवर. अगदी आदराने हं! खुर्ची नेली, छत्री नेली. त्या सारख्या 'नो, नो' म्हणत होत्या, पण संकोच करतं माणूस पहिल्यांदा."

दप्तरी चार मजले धावत चढले. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी परीक्षक बाई खुर्चीत बसल्या होत्या. एक कारकून डोक्यावर छत्री धरून होता, दुसरा फाइलीने वारा घालत होता. बाईंनी दप्तरींना ओळखलं, हातातल्या वहीवर त्यांच्या नावापुढे खूण केली आणि इंग्रजीत विचारलं, "मी गच्चीवर का आहे?"

परीक्षा सुरू झाली होती. गप्प बसावं तर तिसऱ्यांदा नापास. खरं सांगावं तर नोकरीवरच गदा. दप्तरींनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मग काय विचारता! "समबडी पुट देम ऑन द वॉल्स," त्यांनी सुरुवात केली. कुणीतरी त्या चिठ्ठ्या भिंतींवर लावल्या. मग यांनी ते घड्याळ भिंतीवरून काढलं. त्या फायली जमिनीवर ठेवल्या. साहेबांना खोलीत कोंडलं. तुम्हाला गच्चीवर आणलं. एकामागून एक क्रियापदं आपापल्या जोडीदारांना घेऊन, राहत्या पत्त्यासकट बाहेर पडत होती. पंधरा मिनिटं कधी संपली ते कळलंही नाही. सगळं खरं सांगितलं, फक्त तो 'समबडी' कोण ते तेवढं सांगितलं नाही.

"एक्सलंट!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत शंभरपैकी ब्याण्णव लिहिले. दप्तरींना ते उलट्या बाजूनेही वाचता आले. जन्मात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. मुलगा झाला तेव्हा झाला होता, पण तोही थोडा कमीच म्हणायचा.

इतक्यात लालबुंद झालेले साहेब धापा टाकत वर आले. ते कुणावर तरी फुटणार, तोच बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन! वीस वर्षं मी कार्यालयं तपासतेय. लेखी हुकूम इतक्या तत्परतेने पाळणारी माणसं मी कुठेच पाहिली नाहीत. कुणाची ही पद्धत?"

साहेबांनी क्षणभर छत्रीकडे पाहिलं, दप्तरींकडे पाहिलं, टाकीकडेही पाहिलं. मग कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "माझीच. अजून बाल्यावस्थेत आहे."

दप्तरींच्या घशाशी 'मी' आला होता. पण 'मी' म्हणावं तर साहेबांना कोंडणाराही मीच. त्यांनी तो गिळून टाकला.

"मग प्रश्नच मिटला," बाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. "नुसत्या चिठ्ठ्यांवर जिथे सगळं काम होतं, तिथे हेडक्लार्क कशाला हवा? हे पद मी आजपासून रद्द करतेय. आणि साहेब, तुमची पद्धत सगळ्या कार्यालयांना कळवते."

संध्याकाळी दप्तरी घरी आले. बायको आणि सून दारातच उभ्या होत्या.

"काय झालं, बाबा?"

"पास झालो. ब्याण्णव."

"अगंबाई! म्हणजे आता हेडक्लार्क!" बायको म्हणाली.

दप्तरी खुर्चीत बसले. सांगायला मराठीतून शब्दच फुटेना. शेवटी अगदी आतून, कुणी न विचारता, त्यांच्या तोंडून निघालं, "आय पुट देम ऑन द वॉल्स. अँड दे टुक इट अवे फ्रॉम मी."

"बाबा!" सुनेने टाळ्याच पिटल्या. "एक चूक नाही हो! एवढं सहज! परत म्हणा बघू."

दप्तरींनी परत म्हटलं. या वेळी त्यांचा गळाही दाटून आला, आणि सून म्हणाली की आता तर उच्चारसुद्धा सुधारलाय.