मुंबई खाद्यमेळा, इंदिरानगर

शैलजा गर्गेची अडीच वर्षांची चिमी जेवत नसे. घास समोर आला की ती असे काही तोंड मिटून घेई, की सुट्टीच्या दिवशीची सरकारी कचेरी बरी. डॉक्टर म्हणाले, "तोच तो वरणभात किती दिवस? वेगवेगळ्या चवी दाखवा." शैलजा एम. ए. असल्यामुळे तिने हे फारच मनावर घेतले.

वेगवेगळ्या चवी म्हणजे मुंबई. तिचे कॉलेज तिथे झाले होते आणि इंदिरानगरात राहायला आल्यापासून तिने ते कुणाला विसरू दिले नव्हते. इराण्याचा बन-मस्का, उडप्याचा डोसा, मोहल्ल्यातली बिर्याणी आणि कोळीवाड्याजवळच्या खानावळीतले बोंबलाचे कालवण. "शेजारी कोण बसलंय, आत कोण रांधतंय, कुणी विचारत नाही. समुद्रच माणसाचं मन मोठं करतो हो," असे ती म्हणे. गोदावरीकाठच्या महिला मंडळाला हे लागे.

म्हणून अध्यक्षा यशोदाबाईंनी ठराव मांडला: सोसायटीच्या हॉलमध्ये 'मुंबई खाद्यमेळा', सर्व धर्मांच्या पदार्थांसह. संयोजक शैलजा.

"बोंबील माझ्याकडं लागले," शैलजाच्या शेजारी राहणाऱ्या मालनबाई म्हणाल्या. "माझ्यासारखं कालवण नाय कुणी करत."

मालनबाईंचे यजमान अंबडच्या कारखान्यात फिटर होते. घरात दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याविषयी मंडळात कुणी कधी अवाक्षर काढत नसे. फक्त त्यांच्याकडे चहा घ्यायची वेळ आली, की प्रत्येकीचा नुकताच झालेला असे.

बैठकीत सगळ्याजणी शैलजाकडे पाहू लागल्या. शैलजाने, शिकलेली असल्यामुळे, मार्ग काढला. "प्रश्न आरोग्याचा आहे. लहान मुलं येणार. पाणी उकळलेलंच हवं." हा निकष सर्वांना लागू होता आणि एकटीलाच लागला. मालनबाईंना स्वागत विभाग देण्यात आला: दारात उभे राहून अत्तर-गुलाबपाणी.

"चालंल," मालनबाई म्हणाल्या. "दारापर्यंत तर दारापर्यंत."

मेळ्यात बिर्याणी कांदा-लसूणविरहित होती. इराण्याचा चहा सोवळ्यात झाला होता. बोंबील कच्च्या केळ्यांचे होते, आणि ते थेट मुंबईसारखेच असल्याचा दाखला शैलजाने चाखून दिला. चिमीने प्रत्येक टेबलापाशी तोंड मिटले आणि मग ती दिसेनाशीच झाली.

 विहीर, रस्ता, ट्रक, सगळे शैलजाच्या डोळ्यांपुढून गेले. धावत ती घराकडे आली, तर स्वागत उरकून परतलेल्या मालनबाईंच्या मांडीवर बसून चिमी भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण खात होती. नाक गळत होते, ओघळ कोपरापर्यंत आले होते.

"आणखी," चिमी म्हणाली.

हा शब्द शैलजाने तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागे यशोदाबाई सगळ्या कार्यकारिणीसह येऊन ठेपल्या.

"काय खातेय ती?"

मुंबईत शैलजाने एका शब्दात सांगितले असते. इथेही तिने एकाच शब्दात सांगितले.

"औषध." मग तिने जोडले, "डॉक्टरांनी दिलंय."

मालनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले आणि भाकरी कुस्करत म्हणाल्या, "हां. जेवणानंतर नाय, जेवणाऐवजी घ्यायचं."

औषध दोन्ही वेळा सुरू झाले, मागच्या दाराने. आई म्हणून शैलजाला ते आधी चाखून पाहावे लागे. तिचे वजन चिमीच्या आधी वाढले. पुढे कार्यकारिणीतल्या दोघींची मुलेही अशक्त निघाली. पाणी उकळले होते का, हे विचारायचे सर्वांच्याच राहून गेले.

परवा ताट उचलताना मालनबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातचा वरणभात एकदा आम्हालाबी खायचाय. कधी येऊ?"

"या की एकदा," शैलजा अगदी मनापासून म्हणाली.

तारीख अद्याप ठरलेली नाही. अशा निमंत्रणाची तारीख ठरवण्याची पद्धत आपल्या घरी असल्यास कृपया कळवावी. मंडळ आभारी राहील.