माफीतला रक्तप्रवाह

मिनागावा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात एक तक्रार खिडकी होती आणि तिथं शिझुनो कुरामोची नावाच्या बाई बसत. त्यांचं काम माफी मागणं. नळ दुरुस्त करणारी माणसं रस्त्यापलीकडच्या इमारतीत असत. त्यांचा आणि नागरिकांचा सहसा संबंध येऊ दिला जात नसे. बाई दिवसभर कंबरेत वाकून माफी मागत आणि त्यांना खरोखरच वाईट वाटे. नोकरीत मुरल्यावर ही सवय जायला हवी होती. ती गेली नाही.

त्या वसंतात कुणा नागरिकानं वर्तमानपत्रात लिहिलं, की नगरपालिकेची माफी ओठांतून येते, आतून येत नाही. विभागप्रमुख हिरामात्सु यांना हे फार लागलं. पाण्याबद्दलच्या पत्रांची त्यांना सवय होती. पण माफीच्या दर्जावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी तातडीनं बैठक घेतली आणि विद्यापीठातल्या इवाबुची नावाच्या संशोधक बाईंना त्यांच्या यंत्रासकट बोलावून घेतलं.

यंत्र म्हणजे पोहताना घालतात तशी टोपी आणि तिला लोंबणाऱ्या वायरी. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती कपाळातून आत सोडी आणि परत येईल तो मोजी. माणूस बोलताना मेंदूत रक्त कुठं धावतंय, ते पडद्यावर दिसे. धावलं तर लाल, नाही तर निळं.

“पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्या रुग्णांसाठी आम्ही हे वापरतो,” इवाबुची म्हणाल्या.

“म्हणजे बोलणं आतून आलंय की नाही, ते कळतं,” हिरामात्सु म्हणाले.

“नाही हो, साहेब. शब्द जुळवायला डोकं किती राबतंय, एवढंच कळतं. मनाचं यात काही नाही.”

“जास्त राबलं की जास्त लाल?”

“साधारण तसंच.”

“मग झालं तर! जो राबून माफी मागतो, तोच मनापासून मागतो.”

इवाबुचींनी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

पहिली मोजणी ओदागिरी आजोबांच्या तक्रारीवर झाली. आजोबांचं राहत्या घरातच तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं दुकान. नळाला गंजाचं लाल पाणी येऊ लागल्यापासून तोफूला विटकरी रंग चढला होता, गिऱ्हाईक तुटलं होतं आणि अखेर दुकानाचं दार बंद झालं होतं. कुरामोचीबाई टोपी घालून वाकल्या. “चूक आमची आहे, आजोबा. तुमचं दुकान बंद पडलं, फार वाईट वाटतं मला.”

पडदा निळाशार राहिला.

मग शेजारच्या टेबलावरचे तोगावा उठले. आजोबांचं काम झालंय, असं दुरुस्तीवाल्यांना परस्पर कळवणारे हेच. “आजोबा, पाहणी झालेलीच आहे, म्हणजे होत आहे, म्हणजे पाहणीच्या पूर्वतयारीच्या संदर्भात...” पडदा लालेलाल झाला. हिरामात्सुंना भरून आलं.

कुरामोचीबाईंना सुधारवर्गात बसवण्यात आलं. माफी मागता मागता मनातल्या मनात हजारातून सात-सात वजा करत जायचं, म्हणजे मेंदू राबतो. पुढच्या वेळी बाई वाकून म्हणाल्या, “माफ करा, आजोबा, नऊशे त्र्याण्णव.” आजोबा घाबरून दोन पावलं मागं सरले. पडदा मात्र किंचित गुलाबी झाला, आणि प्रगती आहे, असं सर्वांचं मत पडलं.

आता ज्या तक्रारीसाठी एवढी रक्ताची माफी मागायची, ती तक्रार तरी मनापासूनची नको का? टोपी नागरिकांच्याही डोक्यावर चढली.

“पाणी लाल येतंय,” आजोबा म्हणाले. पडदा निळा. तक्रारीत मेंदूचा सहभाग आढळत नाही, असा निर्णय झाला.

“अहो, यात माझा मेंदू कशाला हवा? नळ उघडून बघा की!”

तोगावांना दया आली. ते आजोबांच्या कानाशी वाकले. “सरळ बोलू नका, आजोबा. निळं पाणी येतं म्हणा.”

“लाजबीज वाटते का? या वयात खोटं बोलायला लावताय!”

“दुकान उघडायचंय ना?”

आजोबांनी घाम पुसला आणि अडखळत सांगितलं, की पाणी निळं येतं, कधी कधी फेसाळतंसुद्धा. पडदा पेटला. दुसऱ्याच दिवशी पथक निळ्या पाण्याच्या शोधात निघालं. निळं पाणी कुठंच आढळलं नाही, लाल तेवढं येत होतं. तेव्हा तक्रार निराधार ठरवून पथक परतलं.

त्या संध्याकाळी कुरामोचीबाई काम संपल्यावर आजोबांच्या बंद दुकानात गेल्या, टोपी न घालता. नळ सोडून त्यांनी पाणी पाहिलं आणि तिथंच वाकून आजोबांची माफी मागितली. सकाळी त्यांनी रस्ता ओलांडला आणि दुरुस्तीच्या मुकादमाला हाताला धरूनच आणलं. गंजलेला पाइप दुपारपर्यंत बदलून झाला.

पुढच्या आठवड्यात आजोबा पांढऱ्याशुभ्र तोफूचा डबा घेऊन खिडकीशी आले. “बाई घरी येऊन माफी मागून गेल्या हो, म्हणून दुकान उघडलं!” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि चौकशी सुरू झाली.

“पाइपचं एकवेळ ठीक,” हिरामात्सु म्हणाले. “पण माफी कशाच्या आधारावर मागितली?”

“चूक आपली होती.”

“पुरावा?”

“पाणी लाल होतं, साहेब.”

“पाण्याचा नाही. माफीचा.”

विनामोजणी माफीबद्दल बाईंनी सर्वांसमोर, टोपी घालून माफी मागावी असं ठरलं. नोकरी टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. बाई उभ्या राहिल्या. एकेक शब्द जुळवावा लागत होता. डबा उघडतानाचं आजोबांचं हसू त्यांना राहून राहून आठवत होतं.

“मी त्या घरी गेले... त्याचा मला... मनापासून... पश्चात्ताप होतोय.”

पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक झाला. असा लाल विभागात कुणी पाहिला नव्हता. हिरामात्सुंनी रुमाल काढला. तोगावा आदरानं वाकले. इवाबुची वायरी गुंडाळायला लागल्या आणि मान वर न करता निघून गेल्या.

त्या माफीचं चित्रण आता नव्या कर्मचाऱ्यांना दाखवतात. बाईंचा चेहरा कोपऱ्यात, लहान चौकटीत दिसतो; बाकी सगळा पडदाच. पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात. तुम्ही तिथं असता तर तुमचेही आले असते. आणि त्या कोपऱ्याकडे तुम्हीही पाहिलं नसतं.